जाड पाणी

हॅच कॉटेज, १९ मे

प्रिय लेविन,

तुझा पत्ता अजून तोच असेल असं धरून लिहिते आहे. नाताळात पाठवलेलं कार्ड परत आलं नाही, म्हणजे कॅनडात कुठेतरी पोचलं असणार.

इकडे ठीक आहे. बाबांना जेवण जातं. यंदा कुंपणांवर पांढरा हॉथॉर्न असा फुलला आहे की पान दिसत नाही, आणि त्या वासानं माझं डोकं धरतं. खोऱ्याच्या रूपाबद्दलचं लिखाण गावानं माझ्याकडे सोपवलं आहे. या खोऱ्यात काय काय आहे आणि त्यातलं काय बदलू नये, ते नीट लिहून द्यायचं. खडूच्या मातीच्या भिंती, त्यांच्या डोक्यावरच्या गवती टोप्या, छाटलेली विलोची झाडं, आणि आपलं कुरण. पर्सी स्नुक म्हणाला, "माझं नाकही लिही त्यात. चार पिढ्या बदललेलं नाही."

पर्सीच्या मेंढ्या कोकरांसह कुरणात होत्या.

'होत्या' लिहिलं, तेव्हा पुढचंही लिहायला हवं. मंगळवारी सकाळी मी घराचं दार उघडलं तर कुरणात पाणी होतं, हिवाळ्यात सोडतात तसं. मे महिन्यात. नदीवरचं, कुरणात पाणी सोडायचं मोठं लाकडी दार पूर्ण वर उचललेलं, मुख्य पाट काठोकाठ, आणि प्रत्येक वरंब्यावरून पाणी खाली चाललेलं. खालचे चर तू गेल्यापासून धड उपसले गेलेले नाहीत, त्यामुळे ते उतरेना. पाणी दुडक्या चालीनं यावं आणि चौखूर जावं, हे आपल्याला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं. या वेळी आलं चौखूर आणि बसून राहिलं. मेंढ्या बांधावर चढल्या. कोकरांना पाण्याखाली चर कुठे आहे ते कळलं नाही. पर्सीनं तीन बाहेर काढली, ती जिवंत नव्हती.

दार कसं उघडलं ते पाहतो आहोत.

तुझी तब्येत कशी आहे? तिकडच्या नद्यांवरची धरणं काढायचं तुझं काम चालू आहे ना?

एव्हरिल


हॅच कॉटेज, ३ जून

प्रिय लेविन,

'दार कसं उघडलं ते पाहतो आहोत' असं मी लिहिलं होतं. पत्र पेटीत टाकल्यापासून ते वाक्य मला टोचतं आहे. त्यात खोटं काही नव्हतं, पण पाहण्यासारखंही काही उरलं नव्हतं. त्या सकाळी नदीवरचं दार उचलायची पहार स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेली होती, ओली. शेजारी बाबांचे गमबूट, जोडीनं, नीट. मोजे चुलीवरच्या दांडीवर वाळत होते. त्यांनी माझ्यासाठी चहा करून ठेवला होता.

"लागलं एकदाचं," ते म्हणाले.

"काय लागलं?"

"पाणी. काय म्हणजे काय? तू झोपा काढ."

इतक्या खुशीत त्यांना आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मी चहा प्याले. मग बाहेर पर्सीची हाक ऐकू आली.

बाबांच्या डोक्यात अधूनमधून महिने इकडचे तिकडे होतात, हे मी तुला आधी कळवलं नाही. हिवाळ्यात एकदा ते आईसाठी ताट वाढून बसले होते. पण पाण्याच्या बाबतीत असं कधीच झालं नव्हतं. लोकांना पंचांग लागतं, बाबांना नदी पुरायची. म्हणून वाटलं होतं, बाकी सगळं गेलं तरी एवढं राहील.

नदी खात्याची ब्रायनी परवा येऊन गेली. माझ्याहून फार मोठी नसेल. पर्सी तिला 'मासळीवाली' म्हणतो, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि ती हसते. ती आपल्याविरुद्ध नाही, म्हणूनच मला अवघड जातं. तिनं गुडघाभर पाण्यात उतरून दाराच्या फळ्या चाचपल्या आणि मला विचारलं, "फळी सुटली, की कुणी उघडलं?"

"बघावं लागेल," मी म्हणाले.

तिनं मला सरळ समजावून सांगितलं. लाकूड दगा देत असेल तर दारं काढायची. नदीत गोटे टाकून उतार करायचा, म्हणजे ट्राउट मासे अंडी घालायला वर जातील. लाकूड ठणठणीत असेल, तर दारं खोऱ्याच्या रूपाचा भाग म्हणून राहू शकतात. तिनं माझं लिखाण वाचलं आहे. सप्टेंबरात गावची सभा आहे, त्याआधी काय घडलं ते मी लिहून द्यावं असं ती म्हणाली. "तुम्ही लिहाल त्यावर सगळ्यांचा विश्वास बसेल," असंही म्हणाली.

आता तू बघ. फळी सुटली असं लिहिलं, तर बाबांचं नाव राहतं आणि दार जातं. बाबांनी उघडलं असं लिहिलं, तर दार राहतं. पण ज्याच्या बापानं, आज्यानं याच दारावर हाडं झिजवली, तो माणूस आता पाण्याजवळ सोडण्याच्या लायकीचा नाही, हे त्याच्या मुलीनं लेखी द्यायचं.

आई आपल्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवायची तेव्हा एक नियम होता, आठवतो? उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं. अंदाजानं लिहिलं तर पाटी पुसली जायची. मला इथे उत्तर येतं, आणि लिहवत नाही. याला कोणता नियम लावायचा ते आईनं सांगितलं नव्हतं.

मला माहीत आहे, तू म्हणशील दार काढा. शेवटच्या दिवशी टेबलावर तू तेच म्हणालास, आणि बाबा म्हणाले, "मग जिथं दारं नाहीत तिथं जा." तू खरंच जाशील असं त्यांना वाटलं नव्हतं. तू लहान असताना नोव्हेंबरात दारापाशी ओणवा होऊन मासे फळीवर डोकं आपटताना बघत रडायचास, तेही मला माहीत आहे. तुझं चूक होतं असं मी कधी म्हटलेलं नाही. बाबांचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. मला दोन्हीकडचं दिसतं आणि त्याचा कुणालाच उपयोग होत नाही.

मी काय लिहू? तू नदीचं शिकलास. मला सांग.

एव्हरिल


हॅच कॉटेज, ८ जुलै

लेविन,

तुझं कार्ड आलं. सामन माशाचं चित्र छान आहे. मागे एकच ओळ, 'तुला योग्य वाटेल ते कर.'

हे वाक्य दूर राहणाऱ्यालाच लिहिता येतं. कार्ड मी बाबांना दाखवलं. त्यांनी मासा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "कुणाकडचं?" मी सांगितलं. त्यांनी ते खिडकीत, आपलं हवामान बघायचं नळकांडं आहे ना, त्याला टेकवून ठेवलं.

पहार मी कोळशाच्या खोलीत लपवली आहे. ते रोज शोधतात.

ए.


हॅच कॉटेज, २७ सप्टेंबर

प्रिय लेविन,

सभा झाली. जसं झालं तसं लिहिते.

मी दोन निवेदनं तयार केली होती. एकात फळी होती, एकात बाबा. दोन्ही कोटाच्या दोन खिशांत ठेवून गेले, सभेत उभी राहीन तेव्हा हात आपोआप एका खिशात जाईल अशा आशेवर. बाबांना घरी ठेवायचं ठरवलं होतं. पण ते आधीच टाय बांधून फाटकात उभे होते. "पाण्याची सभा आणि मी नको?"

सभागृहात निम्मं गाव होतं. पर्सी पुढच्या रांगेत. त्याच्या मेंढ्या उन्हाळ्यापासून खंगत चालल्या आहेत. उबदार साचलेल्या पाण्यात गोगलगाई वाढल्या, त्यांच्यातून गवतावर जंत आले आणि मेंढ्यांच्या यकृतात उतरले. मे महिन्यात कुरणावर पाणी का घ्यायचं नाही, ते एवढ्यासाठीच. पर्सीनं याबद्दल आमच्या दारात येऊन एक शब्द काढलेला नाही. रस्त्यात भेटला की टोपीला हात लावतो.

ब्रायनीनं सगळं नीट मांडलं. मासे, दार, खोऱ्याचं रूप. मग म्हणाली, "एव्हरिल, त्या दिवशी नेमकं काय झालं, ते तुम्ही सांगाल का?"

मी उभी राहिले. हात कुठल्याच खिशात गेला नाही.

"दार," मी म्हणाले. पुढचा शब्द येईना.

"बोल की पोरी," पर्सी वळून म्हणाला. "मेंढ्या माझ्या आजारी, आणि घसा तुझा बसला होय?"

लोक हसले. त्यानं ते मला सोपं व्हावं म्हणून म्हटलं होतं. मी पुन्हा "दार" एवढंच म्हणाले. आणि शेजारची खुर्ची कुरकुरली.

"दाराला काय धाड भरली आहे?" बाबा उभे राहिले होते. "दारावर कसली चर्चा चालली आहे मघापासून? ओकचं लाकूड आहे. माझ्या हातचं. एक थेंब गळत नाही त्यातून. उघडलं मी."

ब्रायनीनं हलकेच विचारलं, "मे महिन्यात, मिस्टर पॉथिकरी?"

"महिना काय विचारतेस बाई? खिडकीतून बघितलं तर सगळी कुंपणं पांढरीफेक. टेकडीपासून पुलापर्यंत. असं हिव माझ्या बापानंसुद्धा पाहिलं नसेल. अशा वेळी पाणी नाही घातलं तर सकाळी गवत काळं पडतं. आपलं पाणी जमिनीतून येतं, उबदार असतं, ते पांघरुणासारखं घालायचं असतं. मग कोकरांना खायला काय घालायचं? हे कागद?"

लेविन, मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला तेव्हा कळलं. चार महिने मी एवढंच धरून बसले होते की त्यांनी दार उघडलं. का उघडलं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. डोकं गेलं म्हणून उघडलं, एवढ्यावर मी थांबले होते. हॉथॉर्न. तुला पहिल्या पत्रात मीच लिहिलं होतं, पान दिसत नाही इतका फुलला आहे म्हणून. त्यांना ते फांद्यांवर गोठलेलं हिव वाटलं. हिवात पाटकऱ्यानं जे करायला हवं तेच, त्याच क्रमानं, एकही पायरी न चुकवता त्यांनी केलं होतं. फक्त हिव पडलेलं नव्हतं.

मागे कुणीतरी कुजबुजलं, "अरे देवा, तो मोहोर." मला वाटलं, आता कुणीतरी मोठ्यानं म्हणणार. बाबा खोलीभर बघत होते, एकेका तोंडाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची खात्री कडेनं पातळ व्हायला लागली होती.

पर्सीनं टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"कडक पडलं होतं त्या दिवशी," तो बाबांना म्हणाला. "माझ्या बादलीतलं पाणी गोठलं होतं, क्लिफ."

"मग?" बाबा सगळ्या सभेला म्हणाले, आणि खाली बसले.

बाहेर पडताना मी पर्सीला गाठलं. काय बोलायचं ते माहीत नव्हतं. म्हणाले, "तुमची तर कोकरं गेली."

"गेली ना," तो म्हणाला. "पण तुझ्या बापानं माझ्या बापाच्या मेंढ्यांना तीस वर्षं मार्चमध्ये हिरवं चारलं. दुसरं कोण चारतंय?" थोडं पुढे जाऊन तो थांबला. "माझ्या मेंढ्या मात्र आता नाही हं पाठवणार तिथं. ते वेगळं."

दोन्ही निवेदनं मी चुलीत घातली. माझी गरजच पडली नाही. बाबांनी स्वतःच दार वाचवलं आणि स्वतःला घालवलं, आणि यातलं दुसरं त्यांना माहीत नाही.

एव्हरिल


हॅच कॉटेज, ३० नोव्हेंबर

प्रिय लेविन,

आपण जिंकलो, असं सगळे म्हणतात.

दार राहिलं. लाकडाला तेल पाजलं, लोखंडाला काळा रंग दिला. शेजारून माशांसाठी गोट्यांचा उतार केला आहे, आणि परवा वरच्या वळणावर, जिथे आपण रेती चाळायचो, तिथे मी दोन मोठे ट्राउट पाहिले. मादी अंग आडवं करून रेती उडवत होती. दाराच्या वरच्या अंगाला मासा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तुला हे कळवायलाच हवं होतं. तुझं खरं होतं.

दाराला साखळी आहे आणि कुलूप. नदीत किती पाणी असतं याचा आधी अभ्यास होईल. दोन हिवाळे, कदाचित तीन. तोवर कुरणावर पाणी घ्यायचं नाही. रस्त्याकडेला फलक लावला आहे. त्यावर चित्रात वरंब्यावरून पाणी वाहतं आहे, आणि खाली खोऱ्याच्या रूपाबद्दल चार ओळी आहेत. त्या माझ्या आहेत. फलकाच्या मागे उंदीर आणि चिचुंद्र्या वरंबे पोखरताहेत. पाणी फिरलं नाही तर तीन हिवाळ्यांनी पाट कुठला आणि वरंबा कुठला हे फक्त त्या चित्रात कळेल.

मी गप्प बसले नाही. ब्रायनीकडे गेले. म्हटलं, किल्ली मला द्या. वरंबे राखायला, बारीक पाटांना तोंडं द्यायला, पाणी बोटभर जाड पसरवायला मी याच घरात शिकले आहे.

तिनं खरंच माझ्यासाठी प्रयत्न करायचं ठरवलं होतं. फॉर्म काढला, पेन उघडलं. "मोठं दार तुम्ही स्वतः चालवलं आहे ना? एवढं असलं की मला वर बोलता येईल."

तुला माहीत आहे, ती पहार माझ्या हातात कधी दिली गेली नाही. ती तुझी होती. तू गेल्यावरही तुझीच राहिली. मी चर उपसत असायचे, आणि बाबा एकटेच दारावर वाकलेले असायचे. मदतीला येऊ का विचारलं तर म्हणायचे, "लेविन आला की बघू."

"नाही," मी ब्रायनीला म्हणाले.

तिनं पेन उघडंच धरलं. पुन्हा विचारावं की नाही, असं तिचं चाललं असावं. मी पुन्हा "नाही" म्हणाले. तिनं पेन मिटलं.

हो म्हटलं असतं तर कुणीही पडताळलं नसतं.

आता बाबांबद्दल. गेल्या महिन्यात ते आवारात पडले. हाड मोडलं नाही, पण उठवत नाही. त्यांचं अंथरुण मी खालच्या खोलीत घातलं आहे. तिथून नदी दिसत नाही, ऐकू येते. पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी डोळे उघडले की एकच विचारतात, "पाणी जाड झालं का?"

तुला आठवत असेल. पहिल्या मोठ्या पावसानं टेकड्यांवरचा खडू आणि शेतांची माती नदीत उतरते, पाणी दुधासारखं होतं. वर्षातलं सगळ्यात कसदार पाणी ते. ते कुरणाला पाजायचंच. निसटलं तर वर्ष गेलं.

"अजून नाही, बाबा," मी सांगते.

पहिल्या दिवशी ते खरं होतं. दुसऱ्या आठवड्यात नदी पांढरी झाली. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून हे सांगते. दूध-पाव भरवते आणि सांगते. कुठल्या फॉर्मवर मला एक खोटा शब्द लिहिता आला नाही, आणि इथे मला आता विचारही करावा लागत नाही. पर्सीला हिवाचं खोटं एकदाच म्हणावं लागलं होतं. खरं सांगावं तर ते म्हणतील, मग पहार आण. आणि पहार आणली तरी कुलूप आहे.

आज सकाळी त्यांनी उत्तर ऐकून रोजच्यासारखी मान भिंतीकडे फिरवली नाही. ऐकत राहिले.

"आवाज तर जाड येतोय," म्हणाले.

"पाऊस आहे तो, बाबा. पन्हाळीतला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटीतला पाव चमच्यानं दाबत बसले. मग ते डोळे मिटून म्हणाले, "तुला नाही कळायचं. लेविनला विचार."

म्हणून विचारते आहे, लेविन. पाणी जाड झालं का?

एव्हरिल